जिन्याकडे कान

सगळे हसले तेव्हा सरही हसले, पण आपण नेमकं कशाला हसलो हे त्यांना कळलं नव्हतं. शाळेचा शेवटचा दिवस होता. दरवर्षी या दिवशी दुपारी, शाळा सोडून जाणारी वरच्या वर्गातली मुलं खालच्या मोठ्या खोलीत शिक्षकांच्या नकला करतात. ज्या मोठ्या बाईंनी एका राहत्या घरात ही शाळा काढली आणि अजून त्याच चालवतात, त्यांनीच ही पद्धत पहिल्या वर्षापासून पाडलेली. वर्षभर आपण त्यांना तपासतो, एक दिवस त्यांनी आपल्याला तपासू दे, असं त्या म्हणत. शाळा एवढीशी, की सगळी मुलं, शिक्षक आणि ज्यांना कामावरून निघता आलं ते आईबाप त्या एका खोलीत मावत. बाई पाच-सहा होत्या आणि सर एकच, त्यामुळे त्यांना दुसऱ्या नावाची कधी गरजच पडली नाही. विज्ञान आणि गणित शिकवणारे ते सर. त्यांची नक्कल दरवर्षी कुणीतरी धिटुकला मुलगा करी. खिशात खडू, बाहीने फळा पुसणं, चुकीच्या उत्तराला ‘असं होय’ म्हणणं, आणि मग खडूचा हात पँटला. या सगळ्याची त्यांना इतकी सवय झाली होती की ती नक्कल त्यांना आपली वाटतच नसे. शाळेच्या सामानातली एक जुनी वस्तू दरवर्षी बाहेर काढतात आणि पुसून परत ठेवतात, तसं काहीसं. यंदा मात्र पुढे आली ती पुटपुटी.

हे नाव तिला वर्गातल्या मुलांनीच ठेवलं होतं, आणि तिनेही ते बिनतक्रार वापरायला घेतलं होतं. उत्तर आलं तरी ती ते आधी ओठांतल्या ओठांत म्हणून बघे, आणि तोवर बाई पुढच्याला विचारून मोकळ्या होत. ती समोर उभी राहिली तेव्हा मागच्या रांगेतल्या एका वडलांनी ‘जरा मोठ्याने हं’ असं आधीच सांगून ठेवलं. पण तिला फारसं बोलायचंच नव्हतं. तिने खडू खिशात घातला, बाहीने हवेतला फळा पुसला. लोक हसायच्या तयारीत नुसते ओठ ताणून बसले. मग ती वळली आणि म्हणाली, “बर्फ पाण्यावर का तरंगतो?” आणि डावा तळहात टेबलावर ठेवून, हनुवटी किंचित वर करून, मान उजवीकडे दाराच्या बाजूला झुकवून ती उभी राहिली. नुसती उभी राहिली. तिचा चेहरा रिकामा झाला, म्हणजे मूर्ख झाला नाही, तर घरातला माणूस दुसऱ्या खोलीत गेला असावा तसा झाला. खोलीत पहिल्यांदा मुलं फुटली, मग बाई, मग ज्या आईबापांनी सरांना जेमतेम दोनदा पाहिलं असेल तेही. मोठ्या बाई खुर्चीत मागे रेलून डोळे पुसत होत्या. आणि ती पोर तशीच उभी, दाराकडे कान देऊन.

“हे मी करतो?” सरांनी शेजारी बसलेल्या बालवर्गाच्या बाईंना विचारलं.

“रोज,” त्या म्हणाल्या आणि पदराने नाक पुसून पुन्हा हसायला लागल्या.

पुढचा कार्यक्रम सरांनी पाहिला, पण तो त्यांच्या डोळ्यांपर्यंतच आला. मुलांना शाळेकडून एकेक रोप दिलं गेलं. वर्गातल्या काचेच्या पेटीतलं कासव सुट्टीत कुणाच्या घरी जायचं याच्या चिठ्ठ्या निघाल्या, आणि ज्याच्या घरी मांजर आहे त्याच्याच नावाची चिठ्ठी निघाल्यामुळे परत काढाव्या लागल्या. अंगणात फोटो झाला. फोटोवाल्याने “सर, इकडे बघा” असं म्हटलं तेव्हा ते दचकले. आपण कुठे बघत होतो? आपल्याला न सांगता आपलं शरीर वर्षानुवर्षं काहीतरी करत आलं आहे आणि ते साऱ्या जगाला माहीत आहे, हे कळल्यावर माणसाला पाठीमागून सदरा फाटला असल्याचं कळल्यासारखं होतं. एवढा वेळ लोक मागून चालत होते, कुणी बोललं नाही. लाज म्हणावी तर लाज नव्हती. ती पोर त्यांच्या घरात शिरून, त्यांनाच ठाऊक नसलेल्या एका खोलीचं दार उघडून, ‘हे बघा’ असं म्हणून निघून गेली होती.

चहाच्या वेळी त्यांनी बालवर्गाच्या बाईंना पुन्हा गाठलं. बाई शाळेतल्या सगळ्यांत जुन्या, मोठ्या बाईंच्याही आधी येऊन कुलूप उघडणाऱ्या. जिन्याच्या पायथ्याची खोली त्यांची, आणि जिना चढून गेल्यावरची पहिली खोली सरांची.

“खरंच माहीत नाही तुम्हाला?” बाईंनी विचारलं. एका हातात कप आणि दुसऱ्या हातात कुणाचा तरी एकटा बूट होता. “अहो, तुमची लेक माझ्याकडे होती ना, तेव्हापासून. मी वर काही द्यायला आले की बघायचे. शिकवणं चाललेलं असायचं फळ्याकडे आणि कान जिन्याकडे.”

“पण ती तर केव्हाच मोठी झाली.”

“ती झाली हो,” बाई म्हणाल्या. मग बुटाचा मालक सापडला म्हणून त्या उठल्या, आणि उठता उठता म्हणाल्या, “पुढच्या वर्षी बालवर्ग समोरच्या इमारतीत जाणार. मग काय ऐकाल?” हा विनोद होता. सरांनी कप विसळून पालथा घातला आणि ते वर गेले.

वरची खोली आवरायची होती. घर होतं तेव्हा ती झोपायची खोली असणार, कारण तिला लागून न्हाणीघर होतं आणि त्यातला पांढरा टब मोठ्या बाईंनी काढू दिला नव्हता. तरंगणं, बुडणं, दाब, सगळं काही सर त्या टबात शिकवत. त्यांनी भिंतीवरचे तक्ते उतरवले, टाचण्या डबीत टाकल्या, टबाच्या तळाशी राहिलेलं पाणी सोडून दिलं. मुलांनी बुडवलेला एक खिळा आणि दोन बटणं जाळीपाशी येऊन थांबली. मग त्यांनी, कुणी बघत नाही हे पाहून, डावा तळहात टेबलावर ठेवला, मान झुकवली. शरीर त्या जागेत इतकं अलगद बसलं की त्यांना क्षणभर भीती वाटली. खालून खुर्च्या एकात एक घातल्याचा आवाज येत होता. दारातून जिन्याचा कठडा दिसत होता. आणि तिथून, कुणी बोट धरून न्यावं तसे, ते त्या पहिल्या वर्षात गेले.

बायको तेव्हा हॉस्पिटलात परिचारिका होती आणि तिच्या पाळ्या सतत बदलत. दोघांच्या घरचं कुणीच जवळ नव्हतं. लेक अजून धड वाक्यही न बोलणारी. मोठ्या बाई म्हणाल्या, घेऊन या तिला, बालवर्गात राहील, पण एक अट. शिक्षकांनी आपल्या मुलाला बघायला मधेच खाली यायचं नाही. एकदा आलं की मूल रोज वाट बघतं आणि बाकीचीही रडायला लागतात. सरांना ते पटलं होतं. वाजवी गोष्ट पटवून घ्यायची त्यांना हौसच होती. रोज सकाळी फाटकापासून लेकीचा हात त्यांच्या मनगटाला घट्ट असे, आणि जिन्याच्या पायथ्याशी बालवर्गाच्या बाई तो एकेक बोट करून सोडवत. मग ते वर चढत आणि ती रडायला लागे. जिना त्या आवाजाला नळीसारखा वर आणून पोचवी. पहिला रागाचा, मग तक्रारीचा, मग थकून ओढल्यासारखा, आणि त्यात मधेच एखादा अख्खा शब्द. सर इकडे मुलांना सांगत असत की लाकूड तरंगतं आणि खिळा बुडतो, यात वजनाचा दोष नाही. बोलता बोलता ते तिच्या श्वासाच्या जागा हेरत. ती श्वास घेई तेव्हा हे पुढचं वाक्य बोलत. एकदाही खाली गेले नाहीत. संध्याकाळी बायको विचारी, रमली का, तेव्हा ‘रमतेय’ म्हणत. ते रडणं दोघांपैकी एकालाच ऐकू आलेलं बरं, असं त्यांना वाटे. तिला तर रात्रपाळीत दुसऱ्यांची पोरं ऐकायची असत.

मग एका सकाळी रडणं आलंच नाही. तेव्हाच सर पहिल्यांदा वाक्याच्या मध्यावर थांबले. खालून इतर मुलांचा गलका येत होता, ठोकळे पडत होते, बाई गाणं म्हणत होत्या. त्यात आपल्या लेकीचा आवाज कुठला हे त्यांना वेगळं काढता येईना. रडत होती तोवर ती कुठे आहे ते नेमकं कळत होतं. आता ती त्या गलक्यात विरघळून गेली होती. हेच तर हवं होतं, आणि हेच झालं, आणि त्या दिवसापासून ते तिला त्या गलक्यात शोधत राहिले. कधी थांबले? थांबलेच नाहीत, असं आज कळलं. लेक बालवर्गातून निघाली, मधल्या वर्गांत गेली, एक दिवस जिना चढून त्यांच्याच खोलीत विद्यार्थिनी म्हणून येऊन बसली. आणि ते समोर बसलेल्या लेकीला सोडून खालच्या पोरीकडे कान लावून उभे.

इथे ते अडकले. ती बसायची कुठे? सरांची या बाबतीत ख्याती होती. वीस वर्षांपूर्वीचा विद्यार्थी रस्त्यात भेटला तर नाव न आठवता ते सांगत, तू खिडकीजवळचा, मागून दुसरा. तोंड विसरायचं, जागा विसरायची नाही. त्यांनी लेकीच्या वर्षाचा वर्ग डोळ्यांसमोर मांडला. खिडकीशी ते दोघे जुळे भाऊ, मधे सतत पेन्सिल चावणारा, पुढे उंची कमी म्हणून बसवलेली एक मुलगी, पलीकडे पुढे जाऊन वैमानिक झालेला. एकेक बाक भरत गेला. लेक कुठल्याच बाकावर येईना. घरातली सकाळची धावपळ आठवत होती, तिची लाल पाण्याची बाटली आठवत होती, वर्गात आल्यावर इतर मुलांसारखं ‘सर’ म्हणताना तिची जीभ कशी जरा अडखळायची तेही आठवत होतं, पण ती कुठून म्हणायची? आवाज होता, जागा नव्हती. आपण तिला जास्त विचारतो असं कुणाला वाटू नये म्हणून त्यांनी तिला वर्गात फारसं विचारलं नव्हतं, हे त्यांना माहीत होतं. पण बघितलंही नव्हतं का?

“सर,” दारातून आवाज आला. पुटपुटी होती. हातात वर्षाच्या सुरुवातीला नेलेलं भिंग. “हे द्यायचं राहिलं होतं.”

“ठेव तिथे.”

भिंग ठेवूनही ती गेली नाही. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. सरांनी तक्ते गुंडाळणं चालू ठेवलं.

“राग आला का?” ती म्हणाली.

“नाही. नवल वाटलं. तुला कसं दिसलं ते?”

“सगळ्यांनाच दिसतं. पण ते हसण्यासारखं आहे असं कुणाला वाटलं नव्हतं. मलाही नव्हतं वाटलं. मला वाटलं लोक गप्प बसतील. मला ते हसायला करायचं नव्हतं, सर. बाकीच्या बाई प्रश्न विचारला की लगेच दुसऱ्याकडे वळतात. तुम्ही तसं दाराकडे बघत थांबता. तेवढ्यात मला म्हणून बघता येतं. मग येतं उत्तर.” हे बोलताना ती बाकावरच्या एका कोरलेल्या अक्षरावरून बोट फिरवत होती. “म्हणजे तुम्ही मुद्दामच थांबता ना?”

सरांनी तक्त्याला रबर लावलं. ते तुटलं, दुसरं घेतलं. हो म्हणणं सोपं होतं आणि नाही म्हणणंही तितकंसं कठीण नव्हतं. “उत्तर यायचं ना?” त्यांनी विचारलं.

“बहुतेक वेळा.”

“मग झालं तर.”

ती हसली, दारापर्यंत गेली, बाकावर विसरलेलं रोप घ्यायला परत आली, आणि जिना उतरून गेली. पावलांचा आवाज शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू आला. सरांना एकदम फार थकल्यासारखं वाटलं आणि त्याच वेळी हलकंही वाटलं. खिशातून नकळत पडलेली वस्तू कुणाच्या तरी कामी आली, आणि तोच माणूस आता आभार मानायला आला, तर त्याला काय सांगायचं. पण ही दुसऱ्याची पोर होती. मग आपल्या पोरीच्या वाट्याला काय आलं?

त्यांनी खोली बंद केली आणि बायकोला फोन लावला. “मला यायला उशीर होईल. लेकीकडे जाऊन येतो.”

पलीकडे भांड्याचा आवाज थांबला. “का? तिने बोलावलंय?”

“नाही. असंच.”

“असंच कधी गेला आहात? तिला फोन करून जा, नाहीतर दचकेल.”

फोन त्यांनी केला नाही. केला असता तर काय काम आहे हे सांगावं लागलं असतं, आणि इतक्या वर्षांनी ‘तू कुठे बसायचीस’ हे विचारायला येतो असं फोनवर सांगता येण्यासारखं नव्हतं. बसमधून ते उभेच गेले. लेक एका दातांच्या दवाखान्यात काम करते. डॉक्टर पुढच्या खोलीत दात बघतात, आणि मागच्या लहान खोलीत बसून ती कवळ्या, दातांवर बसवायच्या टोप्या, नवे दात घडवते. ती नोकरीला लागली तेव्हा सरांनी त्याचं सगळं शास्त्र तिच्याकडून बारकाईने समजून घेतलं होतं, पण ती खोली कधी पाहिली नव्हती. लेक त्यांना आवडायची. भेटली की दोघं नीट बोलत, कधी भांडत नसत. तिचा फोन मात्र आईला येई, आणि यांना आईच्या तोंडून, अर्धा-मुर्धा, जेवताना मिळे.

दवाखाना बंद व्हायच्या बेतात होता. मागच्या खोलीच्या दारात ते उभे राहिले. दिव्याच्या उजेडात लेक पाठमोरी बसली होती, भिंगाचा चष्मा लावून, तापलेल्या बारीक सुरीने एका दाढेवर मेण चढवत. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, काही हसल्यासारखे, काही नुसते उघडे. तिने वळून पाहिलं आणि सुरी खाली ठेवली.

“आईला काही झालं का?”

“नाही, नाही. आई ठीक आहे. शाळा संपली आज.”

“ती दरवर्षी संपते,” ती म्हणाली, पण छातीवरचा हात तिने हळूच खाली घेतला. “बसा ना. ते स्टूल घ्या. त्या दुसऱ्यावर नको, त्याचा पाय गेलाय.”

सर बसले. हे काय, ते काय, असं विचारलं. तिने दाखवलं. दातांच्या रंगांची एक पट्टी होती, रंगवाल्याच्या दुकानात भिंतीच्या रंगांची असते तशी. सगळे पांढरे, पण एकही दुसऱ्यासारखा नाही. पांढऱ्याचे इतके प्रकार बघून सर हसले, तशी ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

“परत हसा बघू. तोंड उघडा. अजून.” दिवा तिने त्यांच्याकडे वळवला. “बाबा, केवढे झिजलेत दात. झोपेत दात खाता तुम्ही?”

“कुणावर खाणार?”

“आईला विचारते.”

“ती म्हणेल, जागेपणी गप्प असतात, त्याची भरपाई करतात.”

“म्हणेलच,” ती हसली. मग उठून हात धुवायला लागली. “थांबा, आलाच आहात तर माप घेते. झोपताना घालायला पातळसं कवच करून देईन. डॉक्टर गेलेत, पण हे मला येतं.” रबराच्या वाटीत तिने गुलाबी भुकटी आणि पाणी घेऊन झपाझप घोटायला सुरुवात केली. सरांना वाटलं, आता विचारलं नाही तर ते विचारणं होणारच नाही.

“माझ्या वर्गात होतीस तेव्हा तू कुठे बसायचीस?”

“काय?”

“बसायचीस कुठे? मला आठवत नाहीये.”

ती काही क्षण घोटायची थांबली, मग लगदा वाटीतच घट्ट होईल या भीतीने पुन्हा जोरात घोटू लागली. “आ करा,” ती म्हणाली आणि लगद्याने भरलेला पत्र्याचा साचा त्यांच्या तोंडात घालून वर दाबून धरला. “नाकाने श्वास घ्या. बोलायचं नाही. हललात तर परत करावं लागेल.”

थंड, गुळगुळीत लगदा टाळूला लागला, वास औषधी आणि गोडसर. लेकीची दोन बोटं त्यांच्या दातांखाली साचा पेलून होती, दुसरा हात हनुवटीला. इतक्या जवळून त्यांनी तिचा चेहरा कधी पाहिला होता? भुवईजवळ एक जुनी खूण होती, ती कशाची हे त्यांना ठाऊक होतं. डोळ्यांखालच्या बारीक रेघा मात्र नव्या होत्या.

“दाराजवळ,” ती म्हणाली. “पूर्ण वेळ दाराजवळ. तुम्हाला आठवत नाही म्हणजे कमाल आहे. तुम्ही मला कधी प्रश्न विचारला नाहीत, ते तरी आठवतं? एकदाही नाही. मी हात वर करून करून कंटाळले. आईपाशी रडलेही होते त्यावरून. आई म्हणाली, लोक म्हणतील लेकीलाच विचारतात, म्हणून नसतील विचारत. मला काही ते पटलं नव्हतं.” तिने साचा जरासा वर रेटला. “मग एकदा माझ्या लक्षात आलं. तुम्ही प्रश्न टाकलात की टेबलावर हात ठेवून माझ्याकडे बघायचात. सरळ नाही. जरा वरून, दाराकडे बघतोय असं दाखवून. कुणाला कळू नये म्हणून. केवढा वेळ बघायचात. मग मी मनातल्या मनात उत्तर द्यायचे. तेव्हा कुठे तुम्ही मान हलवून दुसऱ्या कुणाला तरी विचारायचात. माझं बरोबर आलं की मला कळायचं.”

सरांच्या घशातून काहीतरी आवाज आला.

“बोलू नका. झालंच. मोठ्या बाई अधूनमधून बाक बदलायला लावायच्या, तर मी सांगायचे, मला तिथून फळा नीट दिसतो. तिथून फळा धड दिसायचा पण नाही, उजेड पडायचा त्याच्यावर. पण मी ती जागा सोडली नाही.” ती हसली, आणि तिच्या हसण्याने साचा त्यांच्या दातांवर बारीकसा थरथरला. “कुणालाच सांगितलं नव्हतं मी हे. आईलासुद्धा नाही. वर्गात एवढी मुलं असायची, पण मला वाटायचं, तो तास आपल्या दोघांचाच आहे.”

तोंडात लगदा घट्ट होत होता. लाळ साचत होती, ती गिळता येत नव्हती, डोळ्यांत पाणी आलं होतं ते पुसता येत नव्हतं. साचा घातला की येतंच पाणी, तिने न विचारता कागदी रुमालाने टिपून घेतलं. सरांना बोलता आलं असतं तर त्यांनी लगेच सांगितलं असतं, त्यांचा स्वभावच तो, चुकीचं उत्तर फार वेळ हवेत राहू द्यायचं नाही. असं होय, म्हणाले असते, अगं, मी जिन्याकडे बघत होतो. पण तोंड बंद होतं आणि बोटं लेकीची होती. वेळ होता. त्या वेळात ते सांगण्याचं काय होईल याचा त्यांना विचार करावा लागला, एरवी केला नसता. सांगावं, तर इतकी वर्षं तिने जपलेलं काहीतरी हातातून काढून घ्यायचं. न सांगावं, तर जे आपण कधी दिलंच नाही ते आपल्या नावावर राहू द्यायचं आणि वर ती आनंदाने सांगते ते ऐकत बसायचं. दोन्हीतलं कुठलंच वाजवी नव्हतं. आणि तिसरं म्हणजे, त्या वेळी ते दाराकडे कुणासाठी कान लावून होते? दाराजवळच्या मुलीच्या डोक्यावरून पलीकडे, खाली, ती जिना चढायच्या कितीतरी आधी जी होती तिच्यासाठी. नजर चुकली होती. पण माणूस चुकला होता का, हे त्यांना नक्की सांगता येईना. आयुष्यभर त्यांनी मुलांना सांगितलं होतं की अर्धवट बरोबर असं काही नसतं.

तिने साचा हिसका देऊन काढला. उजेडाशी धरून पाहिला, “छान आलाय,” म्हणाली, आणि त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला. सरांनी दोनदा चूळ भरली. गुलाबी कण बेसिनमधून फिरत खाली गेले.

“मघाशी काय म्हणत होतात?”

“बालवर्गात तू फार रडायचीस,” सर म्हणाले. स्वतःचा आवाज त्यांना भरड वाटला. “सुरुवातीला. रोज. मला वर वर्गात सगळं ऐकू यायचं.”

“मी? मला काहीच आठवत नाही.”

“मला आठवतं.”

तिने लगद्याचा ठसा पाण्याखाली धरला. “आणि तुम्ही खाली नाही आलात?”

“नाही. यायचं नाही असं ठरलं होतं.”

“मग काय करायचात?”

“ऐकायचो.”

पाण्याचा नळ वाहत राहिला. तिने तो बंद केला, ठसा झटकला, पुसला. सरांना वाटलं ती आता काही विचारेल, आणि विचारलं तर सगळं सांगायचं असं त्यांनी ठरवलं. पण ती पांढरी भुकटी वाटीत मोजून घेत होती, पाणी घालत होती. घोटता घोटता एकदा तिचा हात मंद झाला. तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, सरळ आणि बराच वेळ, एखादा रंग जुळतो का ते पाहावं तसं. मग ती पुन्हा वाटीकडे वळली. दाट, पांढरं प्लास्टर तिने ठशात थोडं थोडं सोडलं, प्रत्येक वेळी टेबलावर हलकेच आपटून, म्हणजे हवेचा बुडबुडा राहायला नको.

“आता थांबावं लागेल,” ती म्हणाली. “घाई नाही ना?”

“नाही.”

“आईला सांगते, जेवून येऊ म्हणून.” फोनवर ती आईशी दोनच वाक्यं बोलली, तिसऱ्याला हसली. मग भरलेला ठसा उचलून तिने सरांच्या ओंजळीत ठेवला. “धरून बसा. घट्ट होताना गरम होतं ते.”

का गरम होतं हे त्यांना ठाऊक होतं. भुकटी पाणी कसं धरते आणि धरताना आपल्यातलं काय सोडते, हे त्यांनी दरवर्षी फळ्यावर लिहून सांगितलेलं होतं. पुढच्या खोलीतले दिवे कुणीतरी मालवत होतं. लेकीने पाय गेलेलं स्टूल त्यांच्या शेजारी ओढून भिंतीला टेकवलं आणि त्याच्यावर तोल सावरून बसली, तिचा खांदा त्यांच्या दंडाला लागून.

“झालं का गरम?”

“होतंय,” सर म्हणाले.